‘नाही’ची वही

ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात रुजू झाले. पहिल्याच महिन्यात टेबलावर वाचक अभिप्रायाच्या फॉर्मचा गठ्ठा आला. खुणा मोजायच्या, तक्ता करायचा आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, फाइलला लावायचा, एवढं काम. फॉर्मवर वर रोल नंबर आणि वर्ग, खाली वीस प्रश्न, प्रत्येकापुढे ‘उत्कृष्ट, चांगले, बरे, असमाधानकारक’. बहुतेक मुलांनी वरून खालपर्यंत एका रेघेत ‘चांगले’वर खुणा केल्या होत्या. तक्ता झाला, फाइलला लागला.

त्याच आठवड्यात एम.ए.ची एक मुलगी काउंटरवर आली. शहराच्या पूर्व भागात राहणारी, घरी तेलुगू बोलणारी, मराठी अगदी स्वच्छ. तिला ग्रामीण समाजावरचं एक पुस्तक हवं होतं. “मॅडम, कॉम्प्युटर नाहीच म्हणतोय की,” ती म्हणाली. मी तिच्याबरोबर ओपॅकपाशी, म्हणजे पुस्तकं शोधायच्या संगणकापाशी, गेले. तिने ‘ग्रामीण’ देवनागरीत टाकलं होतं, तेव्हा काहीच आलं नव्हतं. मग रोमन लिपीत टाकलं, तरीही काही नाही. मी दाखल नोंदवही काढली. पुस्तक होतं, दोन प्रती होत्या, आणि दोन्ही रॅकवर जागच्या जागी होत्या. संगणकात नोंद करताना कुणीतरी नाव रोमन लिपीत लिहिलं होतं आणि ‘मी’साठी दोन ‘ई’ लावले होते. तिने एक ‘आय’ लावला होता. एवढाच फरक.

पुस्तक हातात घेऊन ती म्हणाली, “मागच्या वर्षीपण एक असंच मिळालं नव्हतं. मग परत विचारलंच नाही.” मी तिला अभिप्रायाच्या फॉर्मबद्दल विचारलं. ती म्हणाली, “चांगले लिहिलं. रोल नंबर टाकायचा असतो ना.”

ग्रंथालयात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आजही ही गोष्ट आधी सांगते. वाचकाने फॉर्मवर काय लिहिलं यापेक्षा तो काय मागायला आला होता आणि काय न घेता परत गेला, हे जास्त खरं असतं. ते टिपून ठेवायची सवय तुम्हाला पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे.

त्यासाठी आम्ही एक साधी शंभर पानी वही केली. देवघेव काउंटरवर दोरीने बांधून ठेवली. चार रकाने आखले: तारीख, वाचकाने काय मागितलं (त्याच्याच शब्दांत), का देता आलं नाही, पुढे काय झालं. वाचकाचं नाव लिहायचं नाही. कोण काय वाचतो ही त्याची खासगी गोष्ट आहे, ती काउंटरवर उघडी पडता कामा नये. काउंटरवरच्या मामांनी तिला ‘नाही’ची वही म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं.

दुसऱ्या रकान्यात ‘त्याच्याच शब्दांत’ हे मी मुद्दाम लिहायला लावते. ‘संदर्भग्रंथ उपलब्ध नाही’ असं लिहिलं की काहीच कळत नाही. ‘अकाउंटचं ते हिरवं पुस्तक, मराठीतलं, नवीन सिलॅबसचं’ असं लिहिलं की लगेच दिसतं: मुलाला मराठी माध्यमाचं हवं आहे, अभ्यासक्रम बदलला आहे आणि आपल्याकडे जुनी आवृत्ती आहे. ‘का देता आलं नाही’ हा रकाना तर सगळ्यात महत्त्वाचा. पुस्तक विकतच घेतलेलं नाही, सगळ्या प्रती बाहेर आहेत, रॅकवर चुकीच्या जागी गेलं आहे, किंवा आहे पण शोधात सापडत नाही; ही चार कारणं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. पहिल्याला पैसे लागतात, दुसऱ्याला जादा प्रती किंवा कमी मुदत, तिसऱ्याला आठवड्याचं रॅक तपासणं. चौथ्याला फक्त आपले कष्ट.

हे चौथं कारण आमच्या वहीत इतक्या वेळा आलं, की मराठी पुस्तकांच्या नोंदी मुळापासून तपासायला घेतल्या. कोहासारख्या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत देवनागरी नीट चालते, पण आमच्या जुन्या नोंदी रोमनमध्ये होत्या आणि नोंद करणाऱ्या प्रत्येकाची स्पेलिंगची पद्धत वेगळी होती. मार्क नोंदीत (पुस्तकाची माहिती संगणकात भरायच्या ठरलेल्या साच्यात) २४५ या फील्डमध्ये पुस्तकाचं नाव येतं आणि २४६ मध्ये त्याची पर्यायी रूपं देता येतात. आम्ही २४५ मध्ये देवनागरी नाव घातलं आणि मुलं मोबाइलवर जशी स्पेलिंग करतात तशी दोन-तीन रोमन रूपं २४६ मध्ये घातली. दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यात गेल्या. एकही नवीन पुस्तक न घेता वहीतल्या त्या प्रकारच्या नोंदी झपाट्याने कमी झाल्या. पदवीच्या वर्गात आपण ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांचे १९३१ सालचे पाच नियम पाठ करतो, त्यात ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असा एक नियम आहे. तो मला खऱ्या अर्थाने या कामात कळला.

फॉर्म टाकून द्या असं मी म्हणत नाही. फॉर्म लागतोच, पण तो नीट करा. नाव आणि रोल नंबर काढा. वर्ग आणि शाखा पुरे. ‘ग्रंथालयातील पुस्तके व कर्मचाऱ्यांची वागणूक समाधानकारक आहे का?’ असा प्रश्न विचारू नका, ते दोन प्रश्न आहेत. आणि ‘साधारणपणे’ काय वाटतं हे विचारण्यापेक्षा शेवटच्या खेपेबद्दल विचारा: मागच्या वेळी कशासाठी आला होतात? ते मिळालं का? नाही मिळालं तर मग काय केलंत? माणसाला ताजी गोष्ट आठवते आणि ती सांगताना तो संकोचत नाही.

ज्यांना यात पुढे अभ्यास करायचा आहे त्यांनी लिबक्वाल ही ग्रंथालय सेवेचा दर्जा वाचकांकडून मोजायची पद्धत जरूर पाहावी. अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २००० सालच्या सुमारास ती आणली. तिच्यात एकाच गोष्टीला वाचक १ ते ९ मध्ये तीन गुण देतो: किमान किती चालेल, किती असावं असं वाटतं, आणि प्रत्यक्षात किती आहे. समजा शांततेसाठी किमान ६ हवे, अपेक्षा ८ ची आणि प्रत्यक्षात ५, तर तिथे लगेच हात घालायला हवा. दुसऱ्या एखाद्या सेवेला प्रत्यक्षात ५ च असतील, पण किमान ३ च हवे असतील, तर ती थांबू शकते. नुसती सरासरी काढली तर दोन्ही सारख्याच दिसतात. छोट्या ग्रंथालयाला ती सगळी प्रश्नावली झेपणार नाही, पण हे तीन गुण पाच-सहा प्रश्नांपुरते वापरता येतात.

आकडेही जपून वाचा. एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ई-पुस्तकांच्या सेवेवर आमच्या मुलांचा वापर फार कमी दिसायचा. बैठकीत निष्कर्ष निघत होता की मुलांना ई-पुस्तकं नकोच आहेत. मी आठवडाभर काउंटरवर येणाऱ्यांना एवढंच विचारलं, “एन-लिस्टचा पासवर्ड घेतलाय का?” बहुतेकांना पासवर्ड मिळतो हेच माहीत नव्हतं, आणि ज्यांनी घेतला होता त्यांना ते घरून मोबाइलवर चालतं हे माहीत नव्हतं. मग प्रवेशाच्या वेळीच ग्रंथालय कार्डाबरोबर पासवर्ड द्यायला सुरुवात केली.

अभ्यासिकेचा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही, आणि तोच मला सगळ्यात अवघड वाटतो. सकाळी दार उघडताच स्पर्धा परीक्षेची मुलं येतात, स्वतःची पुस्तकं घेऊन बसतात, संध्याकाळपर्यंत उठत नाहीत. एम.एस्सी.ची मुलं प्रॅक्टिकल संपवून दुपारी येतात तेव्हा जागा नसते. दोन्हीकडून तक्रारी येतात आणि दोघांचंही खरं आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं आमचीच आहेत. कुणाच्या घरी यंत्रमागाचा आवाज दिवसभर चालतो, कुणी एका खोलीत सहा जणांत राहतं. त्यांना उठवा म्हणणं मला जमत नाही.

नियम करण्याआधी आम्ही दोन आठवडे दर तासाला खुर्च्या मोजल्या. कागदावर अभ्यासिकेचा नकाशा, भरलेल्या खुर्चीवर फुली. एप्रिल होता, सोलापूरचा पारा ४२ च्या वर. नकाशे एकावर एक ठेवल्यावर दिसलं की दुपारी दोननंतर पश्चिमेच्या खिडक्यांकडची एक अख्खी रांग रिकामी असते. उन्हाची तिरीप थेट टेबलावर यायची. ‘जागा अपुरी’ असं शंभर जणांनी लिहिलं असतं तरी ही रांग आम्हाला दिसली नसती. जाड कापडाचे पडदे शिवून घेतले, दोन पंखे हलवले, आणि ती रांग दुपारी भरायला लागली. शिवाय एक टेबल ‘फक्त ग्रंथालयातील पुस्तके’ म्हणून राखलं. थोडा ताण कमी झाला, पण परीक्षेच्या दिवसांत अजूनही कुणी ना कुणी जिन्यात बसून वाचताना दिसतं.

सूचना घेतल्या की उत्तर द्यायचंच. दाराजवळ एक फलक लावा. डावीकडे वाचकाची सूचना, उजवीकडे तुमचं उत्तर, खाली तारीख. नकारही तिथेच लिहा, कारणासकट. ‘रात्रभर अभ्यासिका उघडी ठेवा’ या मागणीला आम्ही लिहिलं: रात्रपाळीचा सुरक्षारक्षक मंजूर नाही म्हणून शक्य नाही, परीक्षेच्या महिन्यात रात्री नऊपर्यंत उघडी राहील. त्यावर कुणी चिडलं नाही. त्याच आठवड्यात सूचनापेटीत नेहमीपेक्षा जास्त चिठ्ठ्या आल्या, आणि त्यांतली एक होती: ‘नऊला सुटल्यावर मुलींनी जायचं कसं? आठला एक घंटा द्या, म्हणजे ग्रुपने निघता येईल.’ दुसऱ्या दिवसापासून मावशी आठला घंटा देतात.

या सगळ्यात एक वर्ग आमच्या हातून सुटतो आहे. मोहोळ, अक्कलकोटहून एसटीने येणारी मुलं तास संपताच स्टँड गाठतात. ती काउंटरवर येतच नाहीत, त्यामुळे त्यांचं ‘नाही’ वहीत कधी उतरत नाही. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की वर्गांत जाऊन त्यांना दोनच प्रश्न विचारायचे ठरवलं आहे: गाडी किती वाजता असते, आणि त्याआधी दहा मिनिटांत ग्रंथालयाकडून काय मिळालं तर उपयोगी पडेल. वहीची मागची काही पानं त्यांच्यासाठी आखून ठेवली आहेत.