आयेल्ट्स लिसनिंग: चौथ्या भागात एक उत्तर हुकलं की पुढची सगळी जातात (माझा अनुभव)

लक्षण असं: आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंगचे, म्हणजे ऐकून उत्तरं लिहायच्या पेपरचे, पहिले तीन भाग सुरळीत, पण चौथ्या भागातल्या लेक्चरमध्ये एक उत्तर हुकलं की पुढची तीन-चार हातची जायची. हा भाग मध्ये न थांबता सलग वाजतो, तोही एकदाच. परदेशातल्या मास्टर्ससाठी लागणारा बँड, म्हणजे गुणांची पातळी, त्यापायीच अडला होता. मी अगदी रडकुंडीला आलो होतो.

सबटायटल लावून सिनेमे पाहिले, सरावपरीक्षांचा रतीब घातला. सोलापुरात अशोक चौकाजवळ आमच्या घरामागे यंत्रमाग चालतात, म्हणून महागडे हेडफोनही घेतले. गुण जागचे हलले नाहीत.

उपयोग झाला तो या क्रमाने. रेकॉर्डिंगआधी मिळणाऱ्या वेळात दहाही प्रश्न वाचायचे आणि प्रत्येकातला, लेक्चरमध्येही सहसा न बदलणारा शब्द, म्हणजे नाव, साल, ठिकाण, हेरून ठेवायचा. ऐकताना नजर कायम दोन प्रश्नांवर: चालू आणि पुढचा. पुढच्याचा शब्द कानावर आला की चालू प्रश्न तिथेच सोडायचा. उत्तरं प्रश्नांच्या क्रमानेच येतात, त्यामुळे गाडी लगेच रुळावर येते. शेवटी रिकाम्या जागी अंदाजाने लिहायचं; चुकलं तरी गुण कापत नाहीत.

खरं काम मात्र नंतरचं. हुकलेलं वाक्य छापील मजकूर न बघता, थांबवत थांबवत वहीत उतरवायचं, मग ताडून बघायचं. प्रश्नात ‘डिक्लाइन’ (घट) आणि लेक्चरमध्ये ‘फेल शार्पली’ (झपाट्याने घटलं), अशा जवळच्या अर्थाच्या जोड्या तिथेच सापडतात. अनेकवचनाचा ‘एस’ही मला तिथेच ऐकू यायला लागला, तो गळला तर उत्तर चूक धरतात.