‘सर’ म्हणा, पण बोला

साताऱ्यात पोरानं पायलट व्हायचं काढलं की घरात पहिला प्रश्न पैशांचा, दुसरा चष्म्याचा. चष्म्यानं वाट बंद होत नाही. पण क्लास टू मेडिकल, म्हणजे पायलटसाठीच्या वैद्यकीय तपासणीचं सर्टिफिकेट, हातात आल्याशिवाय फी भरू नका. बारावीला फिजिक्स-मॅथ्स, डीजीसीएचे (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) पेपर, २०० तासांचं फ्लाइंग ही माहिती कुठेही मिळेल.

ह्यूमन फॅक्टर्सकडे, म्हणजे कॉकपिटमध्ये माणूस कसा वागतो, बोलतो, दमतो या विषयाकडे, मात्र पोरं दुर्लक्ष करतात. परीक्षेच्या तोंडावर पाठांतर, मार्क पडले की विसरले. खरी गोची पुढे होते. ‘मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही’ हे आपल्या अंगात भिनलेलं. सैनिक स्कूलमधून आलेला असेल तर विचारूच नका. सिम्युलेटरमध्ये (सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये) शेजारी पिकल्या केसांचे कॅप्टन बसले की जीभ टाळूला चिकटते.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन जंबो विमानं धावपट्टीवरच धडकली, ५८३ माणसं गेली. ‘ते विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना?’ अशी शंका केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरनं काढली होती. कॅप्टननं ती उडवून लावली, आणि तो गप्प बसला. मंगळूरला २०१० मध्ये को-पायलटनं ‘गो अराउंड’ (उतरणं सोडा, विमान पुन्हा वर घ्या) असं तीनदा सांगितलं. कॅप्टननं लँडिंग सोडलं नाही, १५८ मृत्यू झाले. माझ्या मते इथं धाडसाचा प्रश्नच नाही. सवय लागते, आणि ती आधीच लावावी लागते.

आमचे इन्स्ट्रक्टर सिम्युलेटरमध्ये मुद्दाम चुकीचा अ‍ॅप्रोच (उतरण्याआधीचा टप्पा) उडवायचे. स्पीड जास्त, विमान झपाट्यानं खाली, आणि चेहरा असा की सगळं आलबेल. पायरीपायरीनं बोलायचं: आधी नुसता आकडा, ‘सर, स्पीड जास्त.’ मग ‘अनस्टेबल’, म्हणजे अ‍ॅप्रोच नीट बसलेला नाही. मग ‘गो अराउंड.’ आढेवेढे घ्यायचे नाहीत. ‘सर, जरा बघता का’ याला काही अर्थ नाही. दोनदा सांगून उत्तरच नाही आलं, तर ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून विमान आपल्या हातात घ्यायचं. तोंडाला वळण लागावं म्हणून मी हे कॉल अजिंक्यतारा चढताना मोठ्यानं म्हणायचो. लोक वळून बघतात, बघू देत.

आणि सेशनच्या दिवशी पहाटेची एसटी पकडून थेट सिम्युलेटरवर जाऊ नका. सेशन कधी कधी मध्यरात्रीही लागतं. दमलेला माणूस चूक बघतो, पण बोलायचा कंटाळा करतो. एक दिवस आधी जा, लॉजवर झोप काढा. तेवढे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.