पेडल स्टील गिटार वाजवताय? बुटांच्या या चुका टाळा

"ए आणि बी पेडल एकत्र दाबलं की बेसूर लागतं. गिटार बिघडलीय का?" हा प्रश्न मला इतक्या नवशिक्यांनी विचारलाय की आता मी आधी उलट प्रश्न करतो: पायात काय आहे? काहींना राग येतो. पंधराशे-दोन हजार डॉलरचं वाद्य घेतलंय आणि हा माणूस बुटांचं विचारतोय! पण टेक्सासमध्ये हे वाद्य शिकताना आणि नंतर इतरांना शिकवताना मी पाहिलंय की निम्म्या तक्रारींचं मूळ तारांत नसतं, बुटांच्या टाचेत असतं.

मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार आपल्याकडच्या जुन्या रसिकांनी ऐकलेली असते. पेडल स्टील तिचीच पुढची पिढी, पण ही चार पायांवर उभी राहते. ई-नाइन या तारा जुळवण्याच्या पद्धतीच्या गिटारीला दहा तारा, डाव्या पायाला निदान तीन पेडल (ए, बी आणि सी), दोन्ही गुडघ्यांना मिळून चार-पाच लिव्हर आणि उजव्या पायाखाली आवाजाचं पेडल असतं. ई हा सा धरला तर ए पेडल पंचमाचा धैवत करतं आणि बी पेडल गंधाराचा मध्यम. दोन्ही दाबली की डाव्या हातातला बार, म्हणजे तारांवर टेकवायचा धातूचा दांडा, जागचा न हलवता सा-ग-प चं सा-म-ध होतं. 1954 साली कंट्री गायक वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात स्टीलवादक बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबलं आणि ती सरकती सुरावट ऐकून बाकीचे स्टीलवादक कामाला लागले. म्हणजे या वाद्यात मींड पायाने घ्यायची असते. मग पायात काय आहे याला महत्त्व नको?

घरी अनवाणी, स्टेजवर बूट

ही आपल्या लोकांची खास चूक. आपण चपला-बूट दाराशी काढतो, त्यामुळे रियाज अनवाणी किंवा मोज्यांवर होतो आणि कार्यक्रमाला मात्र बूट चढतात.

मी स्वतः आठ महिने असाच रियाज केला. मग ऑस्टिनजवळच्या एका डान्स हॉलमध्ये एका बँडबरोबर बसायची संधी मिळाली. वातावरणाला शोभावेत म्हणून दोन दिवस आधी काऊबॉय बूट घेतले, टाच दीड इंचाची. पहिल्याच गाण्यात पंचम उतरलेला लागला. वाटलं, हॉलच्या एसीमुळे तार उतरली असेल. पाचवी तार चढवली. पुढच्या ओळीत ए पेडल दाबलं तर धैवत चढा! पुन्हा उतरवली, पुन्हा पंचम बसका. गाणारी बाई सुरात होती, बेसवाला माझ्याकडे बघत होता आणि मी प्रत्येक गाण्यानंतर ट्यूनर लावून खुंट्या पिळत होतो. चार गाणी अशी गेली.

मध्यंतरात श्रोत्यांतले एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. स्वतः स्टील वाजवणारे असावेत. काही न बोलता ते खाली वाकले आणि माझा डावा गुडघा आणि त्याच्या वरची उभी लिव्हर यांच्यामध्ये त्यांनी हात घालून पाहिला. हात जाईना. माझ्या गिटारीत ती लिव्हर गुडघ्याने वर ढकलली की पंचमाचा तीव्र मध्यम होतो. दीड इंचाच्या टाचेने माझा गुडघा दीड इंच वर आला होता आणि सबंध वेळ ती लिव्हर अर्धवट दाबून धरत होता. पेडलवर जाताना पाय जरा पुढे सरकला की गुडघा खाली यायचा, लिव्हर सुटायची आणि मी चढवून ठेवलेली तार खरी बोलायची. "बूट काढ," एवढंच ते म्हणाले. उरलेला कार्यक्रम मी मोज्यांवर वाजवला आणि तारा जागेवर राहिल्या.

तेव्हापासूनची माझी सवय अशी: आधी बूट घालायचे, मग आसनावर बसायचं, डावा पाय ए-बी पेडलवर नुसता टेकवायचा आणि गुडघा व उभी लिव्हर यांच्यामध्ये दोन बोटं आडवी जातात का ते पाहायचं. तारा लावायच्या त्यानंतर. बोटं जात नसतील तर आसनाची उंची किंवा लिव्हरची जागा बदलायची. खुंटीला हातसुद्धा लावायचा नाही.

याचा अर्थ टाच वाईट असा नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एक ताई जेमतेम पाच फूट उंच आहेत, त्यांचा गुडघा त्या लिव्हरपर्यंत पोचतच नव्हता. त्यांना टाचेच्याच बुटांनी सोय झाली. टाच कितीही असू दे, ती रोज तेवढीच असली पाहिजे.

पळायचे बूट

मऊ, हलके, दिवसभर घातले तरी पाय दुखत नाहीत, म्हणून सगळे हेच घालून येतात. या वाद्यासाठी मला याहून वाईट बूट माहीत नाहीत. धावताना पाय स्थिर राहावा म्हणून त्यांचा तळ कडेने बाहेर पसरवलेला असतो. एक तरुण मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याने दुरुस्तीवर पैसे घालवून झाले होते. तक्रार अशी की बी पेडल दाबलं की षड्ज मधूनच चढतो. मी जमिनीवर बसून त्याचा पाय पाहिला. चवडा बी वरच होता, पण रबराची बाहेर आलेली कड शेजारच्या सी पेडलवर केसभर टेकत होती. सी पेडल षड्जाचा रिषभ करतं. बूट काढायला लावले, दोष गेला. पण तोवर त्याने गिटारीच्या उजव्या टोकाचे, पेडलचे स्वर जुळवायचे बारीक नायलॉनचे नट एकेक करून सगळे फिरवले होते. ते परत जागेवर आणायला आम्हाला दोन तास लागले. आधी पाच मिनिटं खाली वाकून पाहिलं असतं तर? पण दिसायला अवघड ते आधी उघडायचं आणि समोर दिसतंय ते पाहायचंच नाही, ही घाई मला नवशिक्यांत फार दिसते.

दुसरा दोष त्या गादीचा. पेडल पूर्ण खाली गेलं की ते अडतं आणि ते अडणं चवड्याला कळावं लागतं. जाड फोम ते कळूच देत नाही. मग माणूस एकतर कमी दाबतो आणि स्वर खाली राहतो, नाहीतर नको इतका रेटतो. पुष्कळ गिटारींत पेडलच्या ताणाने बाकीच्या तारा किंचित उतरतात, रेटारेटीने ते जास्तच जाणवतं. जेलची पट्टी आत घालणं, पेडलवर रबर चिकटवणं असले तोडगे मला कुणी विचारू नयेत.

तळ कातडी किंवा कडक, गुळगुळीत आणि पातळ असावा. चवडा ए-बी वरून बी-सी वर घसरत गेला पाहिजे, उचलून ठेवावा लागता कामा नये. रुंदी इतकी की दोन पेडल एकदम झाकली जातील आणि पाय जरा कलता केला की एकटं पेडलही दाबता येईल. घोटा मोकळा हवा. उंच, कडक बुटांत तो अडकतो.

उरलेलं थोडक्यात

कोल्हापुरीचा तळ छान घसरतो, पण टाच मोकळी आपटते आणि पाय आतल्या आत सरकतो. नको.

लांब नाड्या पेडलच्या सळईत अडकतात. आत खोचा.

नुसते मोजे चालतात, अनेक मुरलेले वादक तसेच वाजवतात. मात्र तासाभरानंतर पेडलची धातूची कड तळव्याला टोचते.

उजव्या पायाला विसरू नका. आवाजाचं पेडल सतत पायाखाली असतं. तिथे जड बूट असला की पोटरी आखडते आणि स्वर विरत असताना हळूच आवाज भरत नेता येत नाही.

नवे बूट संध्याकाळी घ्या. तोवर पाय थोडा सुजलेला असतो आणि तीन-चार तासांच्या बैठकीत होतो तेवढाच असतो.

वाद्याचे वेगळे बूट

आई अमेरिकेत आली तेव्हा मी बूट घालून रियाजाला बसलेला पाहून तिचा जीव कळवळला. "वाद्याला पाय लागला तर आपण नमस्कार करतो, आणि तू बाहेरचे बूट लावतोस?" तिचं बरोबर होतं. या वाद्याला पाय लावल्यावाचून गत्यंतर नाही, पण रस्त्यावरची घाण लावायची काय गरज? तेव्हापासून कातडी तळाचा, पाऊण इंच टाचेचा एक जोड मी फक्त गिटारीसाठी ठेवलाय. तो गिटारीच्या पेटीशेजारी एका कापडी पिशवीत असतो, घरात, हॉलमध्ये, सगळीकडे तोच. सुरुवात करण्याआधी गिटारीला नमस्कार करतो आणि मग तो चढवतो. असा जोड ठेवल्यापासून घर आणि स्टेज हा फरकच उरला नाही.

मागच्या वेळी पुण्यात आलो तेव्हा त्याची टाच बदलून घ्यायला घेऊन आलो होतो. बूट दुरुस्त करणाऱ्या काकांनी डावा बूट उलटा केला, चवड्याच्या बाहेरच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "तुम्ही चालता कसे? बाकी तळ कोरा, ही एकच कड झिजलीय." माझ्या गिटारीची मांडणी स्टीलवादक बडी एमन्सच्या पद्धतीची, म्हणजे ए पेडल सगळ्यात डावीकडे. एकटं ए दाबून गुडघा डावीकडे न्यायचा ही हालचाल शंभरदा होते आणि सगळा भार त्या कडेवर येतो. जिमी डे या दुसऱ्या स्टीलवादकाच्या मांडणीत पेडल उलट क्रमाने असतात, तिथे ती कड झिजली नसती. काकांना एवढंच सांगितलं की हे बूट चालायचे नाहीत, वाजवायचे आहेत. त्यांनी कडेला कातड्याचा पातळ तुकडा चिकटवला, घासून सपाट केला आणि नवी टाच ठोकण्याआधी जुनी तिच्या शेजारी धरून दाखवली. पट्टी लावून पाहिली, पाऊण इंच.