सपाट बुडाची नाव भरण्यापूर्वी

कुही तालुक्यातील अंभोऱ्याजवळ, वैनगंगेच्या फुगवट्यात सपाट बुडाच्या नावेतून माल न्यायचा असेल, तर निम्मी तयारी नागपुरात, नाव अंगणात असतानाच उरकून घ्यावी.

सर्वप्रथम बूड मोजावे. आमच्या नावेचे बूड 4 मीटर लांब व 1.2 मीटर रुंद, म्हणजे 4.8 चौरस मीटर आहे. गोड्या पाण्यात ती एक सेंटिमीटर खाली बसली की सुमारे 48 किलो भार पेलते, त्यामुळे 40 किलोचे धानाचे दहा कट्टे चढवले तरी ती जेमतेम 8.3 सेंटिमीटर बसते. गोव्यात मांडवी-झुआरीतून लोहखनिज वाहणाऱ्या बार्जचे बूड सपाट असते ते याच हिशेबाने. हा हिशेब झाला की चारही कोपऱ्यांवर ऑइलपेंटने सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात. खडूच्या खुणा पहिल्याच फेरीत धुऊन जातात, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

त्यानंतर बुडाच्या आत लाकडी पट्ट्यांची जाळी बसवावी. ही वस्तू यादीत क्षुल्लक दिसते, परंतु माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. सपाट नाव सुरुवातीला इतकी स्थिर वाटते की माणूस बेफिकीर होतो. मात्र कलण्याची मर्यादा ओलांडली की ती सावरायला फारसा अवधी देत नाही. आत पाच सेंटिमीटर पाणी साचले, तर ते 240 लिटर होते, म्हणजे सहा कट्ट्यांचे वजन. आणि कट्टे जागेवर राहतात, तर पाणी मात्र नाव ज्या बाजूला झुकेल तिकडेच धावते व झुकाव वाढवते. जाळीमुळे धान कोरडे राहते आणि खाली साचलेले पाणी नजरेस पडते. ते उपसण्यासाठी दोन डबे दोरीने बांधूनच ठेवावेत. कट्टे मध्यरेषेवर, एकाच थरात रचावेत व दोरीने आवळावेत.

शीड लावणार असाल, तर दोन्ही बाजूंना खाली सोडता येतील अशा फळ्या हव्यात. बुडाखाली खोल कणा नसल्यामुळे सपाट नाव वाऱ्याबरोबर आडवी घसरत जाते, आणि वारा ज्या बाजूकडे वाहतो त्या बाजूची फळी पाण्यात सोडल्यास ती घसरण आटोक्यात येते. थेम्स नदीवरील शिडाच्या मालवाहू नावा अशाच फळ्यांच्या बळावर चालत. ओहोटीला त्या चिखलावर सरळ बसत आणि बहुधा दोनच माणसे त्या हाकत. आमच्याकडे उन्हाळ्यातील दुपारची वावटळ लक्षात घेता शीड एका ओढीत उतरले पाहिजे, हे घरीच तपासून घ्यावे.

दोऱ्या व ताडपत्री नागपूरच्या इतवारी बाजारातून आणावी. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, तसेच नावेसाठी दोन वल्ही व उथळ जागी रेटण्यासाठी लांब बांबू घ्यावा. पाटबंधारे विभागाची परवानगी आधीच विचारून ठेवावी. बुडालेली झाडे आणि मासेमारीची जाळी कुठे आहेत हे तेथील ढीवर (मासेमार) बांधवांकडून समजून घ्यावे, कारण पातळ बुडाला खुंट लागला की भोक पडायला वेळ लागत नाही.

काठावर पोहोचल्यावर आधी दोनच कट्टे चढवावेत, सर्वांना आपापल्या जागी बसवावे आणि चारही कोपऱ्यांच्या खुणा वाचाव्यात. एका बाजूचा आकडा दुसरीपेक्षा दोन सेंटिमीटरने अधिक आला, तर तिसरा कट्टा उचलण्यापूर्वी आधीचे दोन सरकवावेत.