कॅप, ब्रिज, इम्प्लांट की कवळी? खराब किंवा पडलेल्या दातासाठी उपचार निवडताना या चुका टाळा

दात तुटला, किडला किंवा काढावा लागला की लगेच प्रश्न येतो, ‘इम्प्लांट करू की ब्रिज?’ (इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू आणि त्यावरचा दात, ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात.) त्याआधी विचारायचा प्रश्न मात्र राहूनच जातो: तोंडात शिल्लक काय आहे? दाताचा किती भाग शाबूत आहे, खाली हाड किती उरलंय, शेजारचे दात कसे आहेत, हिरड्यांमधून रक्त येतं का. उपचार या गोष्टींवरून ठरायला हवा. पुढच्या बहुतेक चुका होतात त्या आधी उपचाराचं नाव ठरवून मग तोंड त्यात बसवायला गेल्यामुळे.

दुखतोय म्हणून दात काढून टाकणं

दुखणं कितीही तीव्र असलं, गाल सुजला असला, तरी त्यावरून दात वाचणार की नाही हे कळत नाही. नसेपर्यंत गेलेला संसर्ग रूट कॅनलने बऱ्याचदा बरा होतो. खरा निकष वेगळा आहे. सगळी कीड काढल्यावर हिरडीच्या वर दाताचा सुमारे २ मिलिमीटर उंच आणि किमान १ मिलिमीटर जाड असा शाबूत कडा चारही बाजूंनी उरतो का? कॅप याच कड्याला घट्ट धरून बसते. कडा उरत असेल तर रूट कॅनल आणि कॅप करून दात अनेक वर्षं चालू शकतो. उरत नसेल तर हिरडी आणि हाड थोडं खाली घेऊन किंवा दात तारेने हळूहळू वर ओढून कडा मिळवता येतो का, हे विचारा. तेही जमणार नसेल तर काढणंच योग्य.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. दाताच्या मुळामध्ये पोस्ट, म्हणजे बारीक सळई, बसवली की दात मजबूत झाला, असं समजतात. पोस्टमुळे मूळ मजबूत होत नाही, वरचं भरणं धरून ठेवायला ती फक्त आधार देते. कडा नसलेल्या दातात पोस्ट घालून कॅप बसवली की एक तर कॅप पोस्टसकट बाहेर येते, नाहीतर मूळच चिरतं.

उलटी चूकही तितकीच महागात पडते. मूळ उभं चिरलेला दात अँटिबायोटिकवर महिनोनमहिने ओढत नेला जातो. अशा दाताभोवतीची हिरडी सगळीकडे ठीक असते, पण एका अरुंद जागी तपासणीची सळई एकदम खोल जाते. हिरडीवर तीच पुटकुळी पुन्हा पुन्हा येते. एका मुळाचा दात असा चिरला असेल तर तो काढावाच लागतो. जितका उशीर, तितकं भोवतालचं हाड झिजतं आणि पुढच्या उपचाराची जागाच कमी होते.

रूट कॅनल झालं, दुखणं थांबलं, मग कॅप राहून गेली

रूट कॅनलसाठी दाढेच्या छतातून वाट करावी लागते. छत गेलं की दाढेची टोकं चावताना एकमेकांपासून फाकायला लागतात आणि एक दिवस दाढ मुळापर्यंत दुभंगते. म्हणून दाढा आणि उपदाढांना टोकं झाकणारी कॅप किंवा ऑनले (दाढेचा फक्त वरचा भाग झाकणारं आवरण) लागतेच. पुढचा दात बऱ्यापैकी शाबूत असेल तर मात्र नुसत्या फिलिंगवर भागू शकतं. तात्पुरतं फिलिंग काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजून लाळ आत झिरपत राहिली तर चांगलं झालेलं रूट कॅनलसुद्धा पुन्हा करावं लागतं.

रूट कॅनल न झालेल्या दाढेतही हाच विचार करा. मोठ्या फिलिंगच्या कडेला दाताची भिंत २ मिलिमीटरपेक्षा पातळ उरली असेल, तर ते टोक झाकून घेणं शहाणपणाचं. चावताना, विशेषतः चावा सोडताना क्षणभर कळ येत असेल तर चिरेचा संशय घ्यावा. या अवस्थेत वेळेवर कॅप बसली तर दात बऱ्याचदा वाचतो.

दात काढल्यावर ‘बघू नंतर’ म्हणणं

दात निघाला की त्याला धरून असलेलं हाड विरघळायला लागतं. साधारण वर्षभरात त्या जागेची रुंदी निम्म्याच्या आसपास कमी होते, आणि त्या घटीचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच होतो. शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात, समोरच्या जबड्यातला दात तिथे लांबत येतो. दोन वर्षांनी इम्प्लांट करायला गेलात की हाड भरण्याची वेगळी शस्त्रक्रिया पुढे येते. कधी हाड पुरेसं असतं, पण समोरचा दात इतका लांबलेला असतो की वर कॅपला उंचीच उरत नाही.

म्हणून दात काढायच्या आधीच पुढचं ठरवा, काढल्यानंतर नाही. इम्प्लांटचा विचार असेल तर खळग्यात त्याच वेळी हाडाचे कण भरता येतील का, हे विचारा. त्याने घट पूर्ण थांबत नाही, पण बरीच कमी होते.

याचा अर्थ प्रत्येक मोकळी जागा भरलीच पाहिजे असा नाही. अक्कलदाढेच्या जागी काहीही लावावं लागत नाही. सगळ्यात मागची दाढ गेली असेल आणि एकमेकांवर नीट बसणारे वीसेक दात शिल्लक असतील, तर अनेकांचं चघळणं व्यवस्थित चालतं. काहीच न करणं हाही एक रीतसर पर्याय आहे. फक्त तो ठरवून घ्यावा आणि कलणं-लांबणं होतंय का, हे दरवर्षी तपासून घ्यावं.

ब्रिजसाठी शेजारचे दात न पाहणं

ब्रिजमध्ये मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात १ ते २ मिलिमीटर घासून त्यांवर कॅप बसवतात आणि मधला दात त्यांना जोडलेला असतो. शेजारचे दोन्ही दात एकदम निरोगी असतील तर एका दातासाठी दोन चांगले दात कायमचे घासले जातात. एनॅमल परत येत नाही, शिवाय घासलेल्या दातांपैकी काहींना पुढे रूट कॅनल लागतं. पण त्याच दातांत आधीच मोठी फिलिंग असतील, त्यांना तसंही कॅप लागणार असेल, तर ब्रिज हा इम्प्लांटपेक्षा सरळ आणि लवकर होणारा उपचार ठरतो. ब्रिजला जुनाट समजून नाकारण्याचं काही कारण नाही.

लांब ब्रिजबाबत मात्र सावध राहा. मधल्या मोकळ्या भागाची लांबी दुप्पट झाली की त्याचं वाकणं आठपट होतं. त्यामुळे सलग तीन दाढा दोन आधारांवर तोलायचा प्रयत्न केला की सिमेंट सुटतं, पोर्सेलिन उडतं किंवा आधाराचा दात हलायला लागतो. मागे आधार नसताना एकाच बाजूच्या दातावर दाढ लटकवणंही असंच फसतं.

पुढच्या एखाद्या दातासाठी चिकटवायचा ब्रिज असतो. त्यात शेजारच्या दाताच्या आतल्या बाजूला एक पातळ पंख चिकटवतात, दात जवळजवळ घासावा लागत नाही. ‘दोन पंख म्हणजे जास्त पक्का’ असं वाटतं, पण अनुभव उलटा आहे. चावताना दोन दात वेगवेगळ्या दिशांनी हलतात, त्यामुळे एक पंख सुटतो. दुसऱ्याने ब्रिज जागेवर धरलेला असल्यामुळे कळतच नाही, आणि सुटलेल्या पंखाखाली दात किडत राहतो. एकच पंख असेल तर सुटल्यावर ब्रिज सरळ हातात येतो आणि पुन्हा चिकटवता येतो.

साध्या ब्रिजमध्येही एका टोकाचं सिमेंट धुऊन जाणं हा सगळ्यात फसवा बिघाड आहे. दुसरं टोक घट्ट असल्यामुळे ब्रिज पडत नाही. खुणा अशा: एकाच बाजूने वास किंवा वाईट चव येते, गोड-थंड झोंबतं. आरशासमोर त्या कॅपच्या कडेला लाळ असू द्या आणि बोटाने ब्रिज वर-खाली दाबा. कडेवर बारीक बुडबुडे आले किंवा लाळ आत-बाहेर होताना दिसली, तर ते टोक सुटलेलं आहे. दुखत नसलं तरी थांबू नका. आतला दात काही महिन्यांत कामातून जाऊ शकतो.

मधल्या खोट्या दाताखाली साधा ब्रश पोहोचत नाही. तिथे कडक टोकाचा फ्लॉस किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश रोज फिरवायला हवा. ब्रिज सिमेंट करण्याआधीच तो तिथून जातो का, हे पाहून घ्या.

इम्प्लांट म्हणजे कायमचा निकाल, असं समजणं

इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं. पण त्याच्या भोवतीच्या हिरडीला आणि हाडाला आजार होतो, आणि तो बहुधा न दुखता वाढतो. ज्यांचे दात हिरड्यांच्या आजारामुळे गेले त्यांना हा धोका जास्त. म्हणून आधी हिरड्यांचा उपचार, मग इम्प्लांट. हा क्रम उलटा झाला तर दात ज्या कारणाने गेला त्याच कारणाने इम्प्लांटही जातो. धूम्रपान आणि नियंत्रणात नसलेला मधुमेह या दोन्हींमुळे अपयशाची शक्यता वाढते.

काही औषधांची माहिती आधी सांगितलीच पाहिजे. हाडं ठिसूळ झाल्यावर किंवा कर्करोगात दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं आणि डेनोसुमॅबचं इंजेक्शन यांमुळे दात काढल्यावर किंवा इम्प्लांटनंतर जबड्याचं हाड बरं न होण्याचा धोका असतो. जबड्याला रेडिएशन मिळालं असेल तरीही हेच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असोत की ही औषधं, स्वतःच्या मनाने बंद करू नका. डेनोसुमॅबचा डोस अचानक चुकवला तर मणक्याची हाडं मोडू शकतात. औषध देणारे डॉक्टर आणि दंतवैद्य यांनी मिळून ठरवायची ही गोष्ट आहे. वाढत्या वयातल्या मुलांना जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट करत नाहीत. बाकीचे दात वाढीबरोबर सरकतात, इम्प्लांट मात्र तिथेच राहून खाली बुडाल्यासारखा दिसतो.

जागेची मापं साध्या सपाट एक्स-रेवर पूर्ण कळत नाहीत. हाडाची रुंदी, खालच्या जबड्यातली नस, वरच्या जबड्यातलं सायनस (दाढांच्या वरची हवेची पोकळी) यांसाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन लागतो. शेजारच्या दातापासून सुमारे १.५ मिलिमीटर, दोन इम्प्लांटमध्ये ३, आणि नसेपासून २ मिलिमीटर अंतर राखतात. म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या इम्प्लांटला दोन दातांमध्ये साधारण ७ मिलिमीटर जागा हवी. त्याहून कमी असेल तर बारीक इम्प्लांट, तारेने जागा वाढवणं किंवा दुसरा उपचार. खालच्या जबड्यात इम्प्लांट केल्यावर भूल उतरण्याची वेळ टळून गेली तरी ओठ किंवा हनुवटी बधिरच असेल, तर त्याच दिवशी कळवा. नसेवरचा दाब लवकर काढला तर संवेदना परत येण्याची शक्यता जास्त असते.

घाई ही दुसरी चूक. हाड इम्प्लांटला धरायला खालच्या जबड्यात साधारण २ ते ३ महिने, वरच्या जबड्यात ३ ते ६ महिने देतात. त्याच दिवशी दात बसवता येतो, पण इम्प्लांट हाडात पुरेसा घट्ट बसला असेल तरच, आणि एकट्या दाताच्या बाबतीत तो समोरच्या दाताला टेकणार नाही असा ठेवून.

नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती तंतूंची गादी असते, इम्प्लांटला ती नसते. त्यामुळे जास्त दाब पडला तर सूचना देणारी कळ येत नाही, सरळ स्क्रू सैल होतो किंवा पोर्सेलिन उडतं. रात्री दात खाण्याची सवय असेल तर नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं आवरण) याच उपचाराचा भाग समजा. इम्प्लांटवरचा दात हलायला लागला तर त्या बाजूने चावणं थांबवा. बहुतेक वेळा स्क्रू सैल झालेला असतो आणि तो घट्ट करता येतो, पण तसंच चावत राहिलात तर स्क्रू आत मोडतो आणि मोडलेला तुकडा काढणं अवघड जातं. इम्प्लांटच हलत असेल तर हाडाने त्याला धरलेलं नाही, तो काढावा लागतो. नवी कॅप बसल्यावर हिरडीतून रक्त येत राहिलं तर आत सिमेंट उरलंय का, ते एक्स-रे काढून तपासायला सांगा.

कवळी निवडताना फक्त दिसणं पाहणं

लवचिक नायलॉनच्या कवळीला तारेचे हुक नसतात, दिसायला ती छान. पण साधारणपणे ती शेजारच्या दातांवर टेकत नाही, सगळा भार हिरडीवर येतो, हळूहळू ती खाली रुतते. दुरुस्ती आणि आतून नवा थर देणंही कठीण. थोड्या दातांसाठी, तात्पुरती म्हणून ठीक. बरीच वर्षं वापरायची असेल तर कोबाल्ट-क्रोमच्या सांगाड्याची कवळी बरी. तिचे छोटे टेकू दातांवर बसतात आणि भार वाटून घेतात.

दात काढल्या दिवशीच बसवलेली कवळी काही महिन्यांत सैल होणारच, कारण खालचं हाड विरघळतं. तो बनवणाऱ्याचा दोष नाही. आतून नवा थर देण्याचा खर्च आणि भेटी आधीच हिशेबात धरा. चिकटवायची पेस्ट वाढवत नेणं हा उपाय नव्हे.

खालची पूर्ण कवळी वरच्यापेक्षा नेहमीच जास्त हलते, कारण तिला टाळूसारखा पसरट आधार नसतो आणि जीभ तिला उचलत राहते. अशा वेळी पुढच्या भागात दोन इम्प्लांट घालून त्यांवर कवळी अडकवणं हा फार उपयोगी मधला मार्ग आहे. २००२ साली मॅकगिल विद्यापीठात झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत, खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर हाच पहिला पर्याय मानावा, असं मत मांडलं गेलं होतं.

कवळी बोचून फोड आला तर ती स्वतः कानशीने घासू नका. काही दिवस काढून ठेवा, पण दाखवायला जाण्याच्या आदल्या दिवशी घाला, म्हणजे बोचणारी जागा लाल दिसते आणि नेमकी तेवढीच घासता येते. कवळी दुरुस्त करूनही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर ती कवळीची जखम समजून बसू नका, तोंडाच्या कर्करोगासाठी तपासून घ्या. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा. गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो आणि टूथपेस्टने चरे पडतात, म्हणून मऊ ब्रश आणि साधा साबण वापरा.

कॅप निघाली किंवा चावा उंच लागला तर

निघालेली कॅप आतून पाहा. ती पोकळ असेल तर बहुधा फक्त सिमेंट सुटलंय, तीच परत बसू शकते. आत दाताचा तुकडा अडकलेला दिसला तर दातच मोडलाय, आणि उपचार नव्याने ठरवावा लागेल. दोन्ही वेळा कॅप डबीत घालून सोबत न्या. घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने ती बसवू नका. गोंद हिरडी भाजतो आणि कॅप तिरकी अडकते. काही दिवसांत जाणं जमत नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं दातांचं तात्पुरतं सिमेंट चालतं, आणि रात्री कॅप गिळली जाण्याची भीती वाटत असेल तर ती काढून ठेवणंच बरं. पण आठवडे घालवू नका, शेजारचे दात सरकले की तीच कॅप बसत नाही. तात्पुरती कॅप निघाली तरी हाच नियम.

नवी कॅप किंवा ब्रिज बसल्यावर चावताना तो एकच दात आधी लागत असेल, तर ‘सवय होईल’ म्हणून वाट पाहू नका. दोन दिवसांत परत जा. रंगीत कागद चावून उंच ठिपका दिसतो आणि तो काही मिनिटांत घासता येतो. भूल पूर्ण उतरल्यावर सरळ बसून चावून पाहा, कारण बधिर तोंडाने दिलेला चावा बऱ्याचदा चुकीचा असतो.

उपचार संपल्यावर कागद मागून घ्या: इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी आणि लॉट क्रमांक, वरचा दात स्क्रूने बसवलाय की सिमेंटने, कॅप कोणत्या मटेरियलची आहे, आणि शेवटचे एक्स-रे. इम्प्लांटचा स्क्रू प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात तो सैल झाला तर हाच कागद नसल्यामुळे दुरुस्ती अडते.