इन्स्टावरचा तू कोण बे? प्रोफाइल आणि माणूस जवळ आणायचा कसा

सोलापुरात एकाच दिवसात तीन-चार माणसं होऊन जगणारे ढीगभर सापडतील, घरात आईशी तेलुगु, नव्या पेठेत गिऱ्हाइकाशी मराठी, अक्कलकोटहून आलेल्या पाव्हण्याशी कन्नड आणि कट्ट्यावर नुसतं "का बे". याला कुणी ढोंग म्हणत नाही, समोर कोण आहे ते बघून माणूस बोलतो एवढंच. गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९५६ मध्येच हे मांडलंय, लोकांपुढे आपण एक असतो, पडद्यामागं वेगळे. पण फोनवर गोची होते, कारण तिथं आत्या, शाळेतले सर, ऑफिसचा एचआर आणि कट्ट्यावरची पोरं सगळी एकदमच समोर बसलेली असतात. मग आपण एकतर कुणालाच न टोचणारं बेचव काहीतरी टाकतो, नाहीतर ज्या रूपाला लाइक्स पडतात त्यातच अडकतो.

तर आधी काय करा, जो मित्र तुम्हाला फॉलो करत नाही त्याच्या फोनवर आपलं प्रोफाइल उघडा आणि त्याला विचारा, यावरून हा गडी कसला वाटतो? तो बोलत असताना मधे तोंड घालू नका. तो "जिमवाला दिसतोय" म्हणाला आणि तुम्ही जिम कधीच सोडलीय, तर त्या पोस्ट अर्काइव्हमध्ये टाका, डिलीट करायची गरज नाही, नंतर परत आणता येतात.

मग माणसं वेगळी करा. इन्स्टावर क्लोज फ्रेंड्स आहे, व्हॉट्सअप स्टेटसच्या प्रायव्हसीत कुणाला दाखवायचं नाही ते निवडता येतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण आत्या वाईट वाटून घेईल म्हणून लोक करत नाहीत (आत्याला कळत नाही, ॲप तिला काही सांगत नाही).

खरी अवघड गोष्ट पुढं आहे. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, पुढच्याच महिन्यात इन्स्टाचे रील्स भारतात आले आणि गल्लोगल्ली क्रिएटर झाले. समजा एका पोरानं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा साधा व्हिडिओ टाकला, तो चालला. दुसऱ्यात त्यानं "बे" जरा जास्त घातलं, तो अजून चालला. दहाव्यापर्यंत प्रत्येक वाक्याला "बे", हेल मुद्दाम ओढलेला, आणि आता तो किराणा दुकानातसुद्धा तसंच बोलतो, दुकानदार बघत राहतो! त्याला कुणी जबरदस्ती केली नाही, आकड्यांनी हळूहळू वळवला. यावर मला पटलेला उपाय म्हणजे अधूनमधून न चालणारी पोस्ट मुद्दाम टाकायची, तुम्हाला खरंच आवडतं पण व्ह्यूज येणार नाहीत असं काहीतरी, आणि तिचे लाइक्स लपवून ठेवायचे. २०२१ पासून ती सोय आहे. आणि रील रात्री बनवलं तर ड्राफ्टमध्ये ठेवा, सकाळी चहा पिताना आवाज बंद करून बघा, स्वतःचे हातवारे बघून काय ते कळतंच.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी तर सगळं फीड पांढऱ्या बाराबंदीनं भरलेलं असतं. फोटो काढाच, का काढू नये, पण नंदीध्वजाच्या मिरवणुकीत एक काढून फोन खिशात घाला. तिथंच उभं राहून फिल्टर आणि कॅप्शन शोधत बसलात तर मिरवणूक पुढं निघून जाते आणि आपल्याकडं फक्त आपलाच चेहरा उरतो.

पुण्या-बंगळुरात नोकरीला गेलेल्या दोस्तांचे फोटो बघून पोटात गोळा येतो तो वेगळा विषय. लिऑन फेस्टिंगर नावाचा मानसशास्त्रज्ञ १९५४ मध्येच सांगून गेलाय की माणूस स्वतःला मोजतो ते इतरांशी तुलना करून, आणि तेही आपल्यासारख्याच लोकांशी. म्हणून एखाद्या हिरोची गाडी बघून काही होत नाही, बाकावरच्या मित्राची बघून होतं. अशांना म्यूट करा, अनफॉलो नको, म्यूट केलेलं त्यांना कळत नाही आणि दिवाळीला भेटल्यावर तोंड लपवावं लागत नाही.

बायो सगळ्यात शेवटी बदला. इन्स्टा १५० अक्षरं देतं, त्यात "ड्रीमर, फूडी, ट्रॅव्हलर" लिहून काय मिळतं ते मला आजवर कळलेलं नाही. "टॉवेलचं काम, अक्कलकोट रोड एमआयडीसी" असं लिहिलं तर निदान एखादी ऑर्डर तरी येईल. फक्त घरचा नंबर तिथं टाकू नका, धंद्याचं अकाउंट वेगळं काढा.