आद्य दीर्घिकांतील रेणवीय वायू : रेषा-सर्वेक्षणाचा डेटा कसा वाचावा

गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत दुर्बीण बहुधा झाकूनच ठेवावी लागते. मात्र चिलीतील अल्मा या रेडिओ-दुर्बिणींच्या समूहाची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होत असल्याने, पणजीत किंवा फोंड्यात बसून भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला भर पावसाळ्यातही आद्य दीर्घिकांचा अभ्यास करता येतो. सुरुवातीला हबल अल्ट्रा डीप फील्डचे, म्हणजे हबल दुर्बिणीने खोलवर टिपलेल्या आकाशाच्या छोट्या तुकड्याचे, ‘अ‍ॅस्पेक्स’ सर्वेक्षण घ्यावे.

ताऱ्यांचा कच्चा माल असलेला हायड्रोजनचा रेणू सममित असतो आणि थंड ढगांत जवळजवळ मूकच राहतो, म्हणून त्याचे मोजमाप कार्बन मोनॉक्साइडच्या वर्णपटीय रेषांवरून, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सींना येणाऱ्या प्रारणावरून, करतात. सर्वेक्षणात दीर्घिका आधी न निवडता आकाशाचा एक तुकडा सलग फ्रिक्वेन्सींत तपासला जातो, हे त्याचे खरे बळ आहे.

डेटा-क्यूब (प्रत्येक फ्रिक्वेन्सीच्या प्रतिमांची चळत) ‘कार्टा’ या प्रतिमा पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर ठळक ठिपक्यांवर लगेच विश्वास ठेवू नये. नॉइज शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच पसरतो. त्यामुळे ज्या निकषांनी धन शिखरे शोधली, त्याच निकषांनी ऋण शिखरेही मोजावीत. दोन्हींची संख्या जवळपास सारखी भरली, तर त्या पातळीवरचे शोध बहुतांशी फसवे समजावेत. ही पायरी कंटाळवाणी आहे खरी, पण ती वगळून केलेल्या यादीला माझ्या मते काडीची किंमत नाही.

पुढचा प्रश्न रेषेच्या ओळखीचा. समजा, ९९ गिगाहर्ट्झला एकच रेषा दिसली. ती २–१ संक्रमणाची (रेणू परिभ्रमणाच्या दुसऱ्या ऊर्जा-पातळीवरून पहिलीवर उतरतानाची) असेल, तर मूळ फ्रिक्वेन्सी २३०.५३८ गिगाहर्ट्झ असल्याने रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणामुळे फ्रिक्वेन्सी किती घटली याचे माप) १.३३ येते, ३–२ची असेल, तर मूळ ३४५.७९६ धरून २.४९. पहिल्या पर्यायात ५–४ची रेषा २४७.५ गिगाहर्ट्झच्या आसपास, तर दुसऱ्यात ७–६ची २३१ जवळ शोधावी; अ‍ॅस्पेक्सच्या सहाव्या बँडमध्ये (तपासलेल्या वरच्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यात) दोन्ही जागा येतात. मात्र वरच्या पातळ्यांच्या रेषा क्षीण असू शकतात, म्हणून त्या न दिसणे हा निर्णायक पुरावा मानू नये. हबलच्या प्रतिमेत त्या जागी असलेल्या दीर्घिकेची ज्ञात रेडशिफ्टही ताडून पाहावी.

रेणवीय वायूचे वस्तुमान काढताना रेषेची दीप्ती आधी १–० संक्रमणाच्या दीप्तीत बदलावी, मग दीप्तीवरून वस्तुमान देणाऱ्या रूपांतर-गुणांकाने गुणावे. अ‍ॅस्पेक्सने ३.६ हा गुणांक वापरला, तर प्रचंड वेगाने तारे घडवणाऱ्या दीर्घिकांसाठी ०.८ही धरतात, उत्तरात साडेचार पटींचा फरक पडत असल्याने निवडलेला गुणांक तक्त्यातच नोंदवावा.